गंभीर दोष क्रमांक एक

कला माणसाला माणसाशी जोडते. महोत्सवाच्या उद्घाटनाला तीन वक्त्यांनी हे वाक्य तीनदा उच्चारलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. या गोष्टीतल्या दोघांना मात्र जोडलं ते स्वच्छतागृहाच्या रांगेने.

झालं असं, की एका शाळेच्या आवारात तिला एक लांबलचक रांग दिसली. या परक्या देशात येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात ती एक गोष्ट पक्की शिकली होती : रांग दिसली की उभं राहावं, कशाची आहे ते पुढे गेल्यावर कळतं. ही रांग त्या गाजलेल्या नाचाच्या कार्यक्रमाची असणार, असं धरून ती पंचवीस मिनिटं शांतपणे पुढे सरकत होती. फक्त मागच्या माणसाच्या हातातलं काहीतरी टोकदार तिच्या पाठीला अधूनमधून टोचत होतं. एकदा तिने वळून पाहिलं. किटली.

"काय मेला किटली घेऊन उभा राहिलाय," ती पुटपुटली. परदेशात राहण्याचा हा एक मोठा फायदा. मनातलं मोठ्याने बोलता येतं.

पाचच मिनिटांनी मागून फोनवरचा आवाज आला.

"हो बाबा, जेवलो... नाही, नाटकच. हो, अजून नाटकच... काकांना सांगा, मला फरश्यांतलं काही कळत नाही... बरं, ठेवतो. माझ्यापुढे एकच जण आहे."

परक्या गावात पाठीमागून अचानक आपली भाषा ऐकू आली की आधी आनंद होतो, असं म्हणतात. तिला आधी घाम फुटला. मग ती सावकाश वळली.

"तुम्ही... आपल्याकडचे?"

"आपल्याकडचाच," तो म्हणाला. "आणि मेला. किटली घेऊन उभा राहिलेला."

ती कानांपर्यंत लाल झाली. तो उंच होता, जरा वाकून उभा होता आणि त्याचे केस कपाळावर येत होते. हसला की आधी डोळे हसायचे, ओठांना निरोप नंतर पोचायचा.

"नाचाच्या कार्यक्रमाला किटली कशाला?" तिने विषय बदलला.

"कुठला नाच? ही बाथरूमची रांग आहे."

पंचवीस मिनिटांचा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत गेला.

"मला फक्त नळाचं पाणी हवंय," तो अजिजीने म्हणाला. "नऊ मिनिटांत माझा प्रयोग आहे. जरा पुढे जाऊ द्याल?"

"नाही."

"नाही?"

"माझा नंबर आधी आहे."

"अहो, पण तुम्हाला तर नाच बघायचा होता!"

"आता एवढी उभी राहिलेच आहे, तर..."

ती आत गेली. ती बाहेर आल्यावर त्याने किटली भरली आणि पळता पळता ओरडला, "उशीर तुमच्यामुळे झालाय! निदान बघायला तरी या. दुसरीचा वर्ग, जिन्याखाली!"

ती गेली. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता म्हणून गेली, असं तिने पुढे आईला फोनवर सांगितलं. आईने विश्वास ठेवला नाही. पण ते नंतर.

आता ती कोण, हे सांगायला हवं. औषधांच्या एका कारखान्यात ती गोळ्या तपासायची. आठ वर्षं हेच काम, सहा आपल्याकडे, दोन इथे. गोळीला टवका उडालाय का, रंग एकसारखा आहे का, पाण्यात किती सेकंदांत विरघळते. दोषांचे तीन प्रकार : गंभीर, मध्यम, किरकोळ. आईचं म्हणणं होतं, की स्थळंही ती अशीच तपासते, आणि आजवर एकही पाण्यात विरघळल्यावाचून राहिलेलं नाही. "दोन वर्षं झाली तुला तिथे जाऊन. बघितलंस काय? बसस्टॉप?" हे आईचं वाक्य तिला लागलं होतं. म्हणून यंदा तिने ठरवलं : महोत्सव बघायचा. एकवीस दिवस, आठशे प्रयोग, जमतील तेवढे सगळे. महोत्सवाच्या रोजच्या पत्रकाला हौशी परीक्षक हवे होते. पास फुकट, अट एकच, पाहिलेल्या प्रयोगावर दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा. अहवाल हा तर तिच्या हातचा मळ.

दुसरीच्या वर्गात नऊ प्रेक्षक होते. खुर्च्या सात वर्षांच्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकलेले. नाटकाचं नाव होतं 'छत्री घरी नाही'. माणसं नव्हतीच त्यात. तो एकटा आणि टेबलावरच्या वस्तू. छत्री म्हणजे बाबा, दूरदेशी कामाला गेलेले. किटली म्हणजे आई. दोन चमचे या मुली, आणि गजराचं घड्याळ म्हणजे वेळीअवेळी येऊन उपदेश करणारे काका. शेवटी बाबांचा फोन येतो आणि विजेच्या शेगडीवरची किटली शिट्टी वाजवते, असं ठरलेलं होतं.

फोन वाजला. किटली वाजली नाही. पाणी उशिरा भरलं गेलं होतं.

तो टेबलाशी उभा राहिला, किटलीकडे बघत. प्रेक्षकही किटलीकडे बघू लागले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी चष्मा काढला. मग कधीतरी... अगदी बारीक, घशात अडकल्यासारखी शिट्टी आली.

तिने घरी जाऊन अहवाल लिहिला. नाटकाचं परीक्षण कसं लिहितात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जसं ठाऊक होतं तसं लिहिलं :

'नमुना : नाटक, एक. गंभीर दोष, एक : किटली ठरल्या वेळेपेक्षा तीन मिनिटं दहा सेकंद उशिरा वाजली, या काळात मंचावर काहीही घडलं नाही. मध्यम दोष, तीन. किरकोळ दोष, सात : चमचा पडणे, दोनदा, छत्री आपोआप उघडणे, एकदा, कलाकाराने माफी मागणे, चारदा. शिफारस : दुरुस्तीनंतर पुनर्तपासणी.'

पत्रकाच्या संपादकाला वाटलं, गेल्या दहा वर्षांत इतकं विनोदी कुणी लिहिलेलं नाही. त्याने ते पहिल्या पानावर चौकटीत छापलं. दुसऱ्या दिवशी दुसरीच्या वर्गात उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल होती.

तिसऱ्या दिवशी त्याने तिला चौकशीच्या खिडकीपाशी गाठलं. हातात पत्रक होतं.

"अकरा?" तो म्हणाला.

"बारा होते. एक सोडला."

"उपकार झाले. कुठला?"

"केस... कपाळावर येत होते. पण तो नाटकाचा दोष नव्हे."

"मग कुणाचा?"

"ते माझ्या कक्षेत येत नाही," ती म्हणाली आणि खिडकीत लावलेलं वेळापत्रक वाचू लागली. वेळापत्रक उलटं लावलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

"हसतोय, पण हसण्यासारखं नाहीये," तो जरा वेळाने म्हणाला. "एकतीस तारखेचं माझं परतीचं तिकीट काढलेलं आहे. बाबांना शब्द दिलाय. एक उन्हाळा नाटक, त्यानंतर काकांचं फरशीचं दुकान. फक्त एकच वाट आहे. निवड समिती आठशेतून तीन प्रयोग निवडते. त्यांना वर्षभराचा दौरा मिळतो, इथे राहायचा परवानाही. निवड झाली तर राहीन. नाही झाली तर..."

"फरशी."

"फरशी."

"पण वर्ग तर भरतोय!"

"चुका मोजायला येतात हो. काल एका बाईंना नऊच मिळाल्या, त्यांनी दारावर तक्रार केली." त्याने पत्रकाची घडी घातली. "मला हे सगळे दोष काढायचेत. अकराच्या अकरा. हसं करून घेऊन मला निवडून यायचं नाही."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. हट्टी माणूस तिला लांबून ओळखू यायचा. घरात आरसा होता.

"आमच्याकडे दोष सापडलेला माल पुन्हा तीनदा तपासतात," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही तीनदा याल?"

"नियम आहे."

"नियम चांगला आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

ती तीनदा आली. मग चौथ्यांदा आली. कारखान्यातून सुटली की थेट बस, बसमधून उतरली की थेट दुसरीचा वर्ग. उरलेले सातशे नव्व्याण्णव प्रयोग आपापल्या जागी होत राहिले. प्रयोगाआधी दोघं दुरुस्ती करायची. चमच्यांना खालून मेण लावलं, छत्रीची कळ बदलली, माफी मागायची सवय मोडायला तिने त्याला पुढच्या बाकावर बसवून दम भरला. किटलीचा उपाय तिचाच. पाणी वेळेवर भरलं तरी ती रोज तीन मिनिटं उशिराच वाजायची. आता घरून थर्मासमधून उकळतं पाणी आणायचं, म्हणजे शिट्टी सेकंदाबरहुकूम.

एका संध्याकाळी दोघं बसस्टॉपकडे निघाली आणि पाऊस आला. त्याने छत्री काढली.

"अहो, हे मंचावरचं सामान आहे!"

"हे बाबा आहेत. बाबांना चालेल."

रंगमंचावर आपोआप उघडणारी ती छत्री नव्या कळीमुळे पावसात उघडेना. शेवटी उघडली तेव्हा दोघं चिंब होती. तरी छत्रीखालून बसस्टॉपपर्यंत गेली... अगदी सावकाश. तिची बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी बस उशिरा आली याची तक्रार तिने केली नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

आईचा फोन आला.

"आज काय बघितलंस?"

"नाटक."

"आणि काल?"

"नाटक."

"कुठलं गं?"

"...तेच."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"उंच आहे का?" आईने विचारलं.

पाचव्या तपासणीला दहा दोष गेले होते. उरला होता एकच. काकांच्या उपदेशानंतर धाकटा चमचा टेबलावरून पडायचा. रोज. मेण लावूनही. प्रेक्षक गेल्यावर तिने तो चमचा उचलला आणि टेबलावर ठेवला.

"हा पडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाडता."

"छे! कशावरून?"

"पडणारी वस्तू रोज वेगळीकडे पडते. हा पाच दिवस माझ्याच पायाशी पडतोय. मी जागा बदलली तरी."

तो टेबलक्लॉथ सरळ करू लागला. तो आधीच सरळ होता.

"सगळे दोष गेले," तो खाली बघत म्हणाला, "की तुम्ही कशाला याल..."

वर्गात कुणी नव्हतं. फळ्यावर कुणीतरी लिहिलेला सातचा पाढा होता, छप्पन्नपर्यंत येऊन थांबलेला.

"आमच्याकडे..." तिने घसा साफ केला. "आमच्याकडे निर्दोष मालाचाही एक नमुना ठेवून घेतात. कपाटात. मुदत संपेपर्यंत."

"मुदत किती असते?"

"ते मालावर आहे."

"माल टिकाऊ आहे," तो म्हणाला. "कपाटाचं सांग."

'सांगा' नाही म्हणाला. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

एकोणतीस तारखेला निवड समितीच्या बाई आल्या. पांढरे आखूड केस, गळ्यात थांबघड्याळ. चौदा प्रेक्षक होते. दोष मोजायला येणारे केव्हाच पांगले होते. प्रयोग सुरू झाला. चमचे जागच्या जागी. छत्री मिटलेली. एकदाही माफी नाही. फोन वाजला आणि त्याच क्षणी किटलीने शिट्टी दिली, एखाद्या हुशार विद्यार्थ्याने हात वर करावा तशी.

तिने अहवालात लिहिलं : दोष, शून्य. मग ती त्या शून्याकडे बघत बसली. समोर जे झालं ते पांढरं होतं, गुळगुळीत होतं आणि कुठलीही चव मागे न ठेवता घशाखाली उतरत होतं. पहिल्या रांगेतल्या त्या वयस्क बाई तिने आधी चारदा पाहिल्या होत्या. किटली वाजायची वाट बघताना त्या चष्मा काढून डोळे पुसत. थर्मास आल्यापासून त्या दिसल्या नव्हत्या. आज परत आल्या होत्या. आज त्यांनी चष्मा काढला नाही. पुसायला वेळच मिळाला नाही त्यांना.

आणि तिला कळलं. सगळं नाटक ज्या बाईबद्दल होतं, ती घरी राहिलेली आई त्या तीन मिनिटांतच होती. नुसती उभी. वाट बघत.

"नीटनेटकं आहे," समितीच्या बाई थांबघड्याळ बघत म्हणाल्या. "पण किमान लांबी पंचेचाळीस मिनिटं. हे त्रेचाळीस भरलं. विचारात घेता येणार नाही." आणि त्या गेल्या.

तो वस्तू पेटीत भरू लागला. किटली फडक्यात गुंडाळली.

"मीच काढली तुझी तीन मिनिटं," ती म्हणाली.

"तू बरोबरच होतीस. उशीर तो उशीर."

"नव्हते बरोबर."

"असू दे गं," तो हसला. या वेळी ओठ आधी हसले, डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. "काका माणूस चांगले आहेत. फक्त सकाळी सातला दुकान उघडतात."

आठ वर्षांत तिने आपला एकही अहवाल मागे घेतला नव्हता. एकदा आपल्याकडच्या कारखान्याच्या मालकांनी स्वतः येऊन विनंती केली होती, त्यांनाही नाही. तीस तारखेला सकाळी नऊ वाजता, कारखान्यात रजा टाकून, ती समितीच्या कार्यालयात उभी होती. कार्यालय म्हणजे शाळेची व्यायामशाळा. बाई एका टेबलामागे बसल्या होत्या आणि मागे दोरखंड लोंबत होते.

"माझा पहिला अहवाल चुकला," तिने कागद ठेवला. "गंभीर दोष क्रमांक एक हा दोष नाही. तो त्या नाटकाचा प्राण आहे. मी तो काढायला लावला. प्रयोग पुन्हा बघा."

बाईंनी कागद वाचला. मग एक छापील फॉर्म काढला. "परीक्षकाचं कलाकाराशी काही नातं?"

"आहे."

"कोणतं?"

"ते... अजून त्याला सांगितलेलं नाही."

"मग मी इथे लिहू काय?"

तिने एक दीर्घ श्वास घेतला. माघार घ्यायची जागा तिने मागेच सोडली होती.

"हितसंबंध आहे, असं लिहा."

मागे काहीतरी धाडकन पडलं. ती वळली. दारात तो उभा होता. महोत्सवाचा पास परत करायला आला होता, खांद्यावर पेटी होती. आता पेटी जमिनीवर होती आणि त्याचे कान लाल होते.

बाईंनी शांतपणे लिहिलं. "हितसंबंध असलेल्या परीक्षकाचे अहवाल बाद होतात."

"कोणता अहवाल बाद?"

"सगळेच."

"म्हणजे तो दोष होता असं म्हणणाराही?"

बाई थांबल्या. त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली, मिटली. "बाद," त्या म्हणाल्या.

"मग दोष कधी नव्हताच. मग दुरुस्ती झाली ती चुकीच्या कागदावरून. मग काल तुम्ही पाहिलंत ते मूळ नाटकच नव्हतं."

"तुम्ही काय काम करता?"

"गोळ्या तपासते."

"साडेअकराला वर्ग रिकामा आहे," बाई म्हणाल्या. "गार पाणी घेऊन या."

प्रेक्षक तीन होते : समितीच्या बाई, वर्ग झाडायला आलेले एक काका आणि ती. फोन वाजला. किटली वाजली नाही. तो टेबलाशी उभा राहिला. एक मिनिट गेलं. झाडूवाले काका झाडू टेकवून बसले. दुसरं मिनिट. आता ती किटलीकडे बघत नव्हती. तो कसा उभा आहे ते बघत होती, खांदे किंचित पुढे, हात टेबलावर, जणू हलला तर पाणी उकळायचं राहील. तिसरं गेलं. चौथं. आई घरी फोनपाशी अशीच उभी राहत असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिने नाक ओढलं. मग शिट्टी आली.

बाईंनी गळ्यातलं थांबघड्याळ पाहिलं. ते बंद करायचं राहून गेलं होतं.

"सत्तेचाळीस मिनिटं, वीस सेकंद," तिने सांगितलं.

"तुमचा अहवाल बाद आहे," बाई म्हणाल्या आणि रुमालाने डोळे पुसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या. "सत्तेचाळीस," त्यांनी लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात दोघं उभी राहिली. ऊन पडलं होतं.

"हितसंबंध म्हणजे नक्की काय?" त्याने विचारलं.

"लेखी देऊ?"

"तोंडी चालेल."

"आवडतोस," ती म्हणाली. "निवड झाली तरी आणि फरशी विकलीस तरी. ऐकलंस ना? पुन्हा म्हणणार नाही."

"मलाही."

"काय मलाही? वाक्य पूर्ण कर."

"मलाही... तू..." तो अडखळला, केस कपाळावर आले, आणि या वेळी तिने ते मागे सारले. वाक्य पूर्ण झालं नाही. तिने तसंच मान्य केलं.

दुपारी यादी लागली. तीन नावांत दुसरं 'छत्री घरी नाही'. त्याने बाबांना फोन केला, बाबांनी काकांना, आणि तिने आईला. आईने उंची पुन्हा विचारून घेतली. एकतीस तारखेचं विमान त्याच्याशिवाय गेलं.

दौऱ्याची कार्यक्रमपत्रिका पुढच्या आठवड्यात आली. बारा महिने, एकतीस गावं. त्यातलं सगळ्यात जवळचं तिच्या घरापासून चारशे दहा किलोमीटरवर होतं आणि रविवारी, तिच्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी, तिकडे गाडी जात नव्हती.